पंचांनी पहिली शिट्टी आम्हा मोठ्यांवर वाजवावी

शालेय स्पर्धांचे दिवस आले की जळगाव असो की धुळे, बास्केटबॉलच्या कोर्टवर एक चित्र हमखास दिसतं. आत चौदा वर्षांखालची पोरं खेळताहेत आणि कडेला उभी मोठी माणसं पंचांचा उद्धार करताहेत. "ओ पंच, डोळे आहेत का?" "किती घेतले भो?" थोड्या वेळानं आतलं एखादं पोरगं शिट्टी वाजल्यावर हात झटकतं, चेंडू आपटतं. मग आपणच म्हणतो, आजकालच्या पोरांत खिलाडूवृत्ती राहिली नाही!

राग समजतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी आहे. वर गेलं तर दहावी-बारावीला क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण. त्यामुळे प्रत्येक शिट्टी पोराच्या भविष्यावर वाजल्यासारखी वाटते. पण हा राग कुठवर जातो ते आपण पाहिलंय. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेनं पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. त्याच दिवशी महेंद्र गायकवाड अंतिम लढत सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. खांदे टेकले होते की नव्हते, हा वाद चालत राहील. पण पंचांवर हात टाकायची हिंमत एका दिवसात येत नाही. तिची सुरुवात लहानपणी, अशाच कोर्टच्या कडेला होते.

म्हणून माझं म्हणणं पंचांना आहे. तुम्ही फक्त फाऊल मोजायला उभे नाही आहात. त्या चाळीस मिनिटांपुरते पोरांचे शिक्षक तुम्हीच आहात.

सामन्याआधी दोन मिनिटं द्या. दोन्ही कर्णधार आणि प्रशिक्षकांना जवळ बोलवा, काय चालेल आणि काय नाही ते सांगा. नियमाप्रमाणे चेंडू थांबलेला आणि घड्याळ बंद असताना कर्णधार पंचांना सभ्यपणे विचारू शकतो. हे आपल्याकडच्या किती पोरांना माहीत आहे? विचारायचा रस्ता दाखवला तर ओरडायची गरज कमी होईल.

पोरगं चिडलं तर आधी एक शब्द. "बेटा, हात खाली." ऐकलं नाही तर टेक्निकल फाऊल. धक्काबुक्की झाली तर मात्र थेट कारवाई, तिथं दयामाया नको.

आणि प्रशिक्षक ओरडला तर पहिल्या पाच मिनिटांतच त्याला आवरा. नियमांनी हत्यार दिलेलं आहे. प्रशिक्षकावर टेक्निकल लागला की समोरच्या संघाला एक फ्री थ्रो. स्वतःच्या वागण्यामुळे दोन लागले की प्रशिक्षक बाहेर. पण आपल्याकडे होतं काय? सर ओळखीचे असतात, उद्या त्यांच्याच शाळेत स्पर्धा असते. म्हणून त्यांना सोडायचं आणि बाराव्या वर्षाच्या पोरावर शिट्टी फुंकायची. पोरांना हे बरोबर कळतं.

चांगलं वागणंही दिसेल असं टिपा. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला उठवणाऱ्या पोराला सगळ्यांसमोर "शाब्बास" म्हणायला काय जातं? पोर्तुगालमध्ये जानेवारी 2023 मध्ये महिला फुटबॉलच्या सामन्यात पंचांनी पांढरं कार्ड दाखवलं. प्रेक्षकांत कुणाला तरी बरं नव्हतं, मदतीला धावलेल्या दोन्ही संघांच्या डॉक्टरी पथकांचं ते कौतुक होतं. आपल्याला कार्ड नको, दोन टाळ्या पुरेत.

आता आयोजकांना विनंती. सगळं पंचांवर ढकलून चालणार नाही. खेळणाऱ्या शाळेचेच क्रीडाशिक्षक पंच म्हणून उभे करू नका, संशय तिथूनच सुरू होतो. पंचांना वेळेवर आणि नीट मानधन द्या. कडेला शिवीगाळ करणाऱ्याला बाहेर काढायला एक माणूस नेमा. आणि जिल्हा स्पर्धेत पंचांनी निवडलेल्या खिलाडू संघालाही एक चषक द्या. खर्च फार नाही.

राहिलो आपण पालक. पंच चुकतात, शंभर टक्के चुकतात. पण आपलं पोरगंही चार सोपे बास्केट चुकवतं. तेव्हा आपण म्हणतो, "जाऊ दे, पुढचा टाक." तेवढंच एकदा पंचांनाही म्हणून बघूया का?