फाइलमध्ये न मावणारी वही

प्रकल्पाचा विषय जाहीर झाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "फाइल किती पानांची लागेल?" विषय काय आहे, त्यात पाहायचे काय, विचारायचे कोणाला, हे प्रश्न मागाहून येतात आणि पुष्कळदा येतच नाहीत. यात विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या गोष्टीला गुण मिळतात तिच्याकडेच विद्यार्थी पाहणार. पण यंदा चित्रकलेच्या जोडविषयात आम्हाला हाताने काढलेले 'फ्लिप बुक' करायला सांगितले गेले, आणि त्या निमित्ताने या फाइल-प्रकरणाविषयी चार शब्द लिहावेत असे मनापासून वाटले.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. एका कडेने शिवलेली, तळहातात मावेल एवढी कागदांची गड्डी. प्रत्येक पानावर आधीच्या चित्राहून किंचित वेगळे चित्र. अंगठ्याने पाने भरभर सोडली की चित्र हलू लागते. शाळेच्या वहीच्या कोपऱ्यात काड्यांचा माणूस पळवण्याचा उद्योग आपल्यापैकी अनेकांनी गणिताच्या तासाला केलेला असेल. तीच ही कला, जरा शहाणी झालेली. तिला मराठीत रुळलेले नाव नाही, म्हणून आमच्या वर्गात आम्ही तिला 'फडफडवही' म्हणू लागलो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या जॉन बार्न्स लिनेट या गृहस्थाने १८६८ साली तिचे पेटंट घेतले, तेव्हा तिला 'कायनिओग्राफ' असे भारदस्त नाव दिले होते. ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी. म्हणजे आमची ही वही सिनेमाची थोरली बहीण ठरते. घरातच राहिली एवढेच.

चित्र हलते कसे, याचे शाळेत मिळालेले उत्तर 'दृष्टिसातत्य' असे होते. डोळ्यापुढची प्रतिमा क्षणभर रेंगाळते आणि पुढच्या प्रतिमेला जाऊन मिळते. जळते कोलीत गरगर फिरवले की अग्नीचे वर्तुळ दिसते, ज्याला आपल्या जुन्या ग्रंथांत अलातचक्र म्हटले आहे, ते उदाहरणही आम्हाला दिले होते. पण मॅक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनंतर एवढ्यावर भागत नाही. दोन वेगळ्या जागी आलटून पालटून एक रेघ दाखवली, तर मध्ये काहीही नसताना ती एका जागेवरून दुसरीकडे सरकलेली आपल्याला दिसते. ती सरक आपले मन घडवते. कोलीत खरोखर साऱ्या वर्तुळातून फिरत असते. वहीतले चित्र मात्र कुठूनच कुठे जात नाही. पाहणाऱ्याने आपल्या पदरचे घातल्याशिवाय ही वही चालत नाही.

आता आक्षेपांकडे वळते. आमच्याच काही मित्रांचे म्हणणे असे की, हा लहान मुलांचा खेळ आहे, आणि नाहीच म्हटले तर मोबाइलवर दहा मिनिटांत होतो. मग रात्री जागवून ७२ पाने कशाला काढायची? प्रश्न बिनतोड वाटतो खरा. परंतु मोबाइल नेमके काय वाचवतो ते पाहिले पाहिजे. ॲनिमेशनच्या धंद्यात मुख्य चित्रकार हालचालीची टोके काढतो : हात वर, हात खाली. या दोहोंच्या मधली चित्रे काढणारा माणूस वेगळा. त्याला 'इन-बिटवीनर' म्हणतात, आणि पडद्यावर त्याचे नाव शोधूनही सापडणे कठीण. हल्ली दोन टोके दिली की मधली चित्रे संगणक स्वतःच भरून देतो. ज्याला सिनेमा काढायचा आहे, त्यावर पोट भरायचे आहे, त्याने यंत्र जरूर वापरावे. मी यंत्राच्या विरुद्ध मुळीच नाही. पण आम्ही सिनेमा काढत नव्हतो, पाहायला शिकत होतो. आणि पाहण्यासारखे जे काही असते ते बहुतेक मधल्या चित्रांतच असते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

ते कसे, हे माझ्या वहीवरून सांगते. माझ्या वहीचा विषय होता आईची भाकरी. आमच्या सोलापूर भागात ज्वारीची भाकरी दोन्ही वेळा असते. तेव्हा विषयाच्या शोधात हिंडावे लागले नाही, हा पहिला फायदा. दुसरे कारण सांगताना थोडा संकोच वाटतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. वडील सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. मी दहावीला गेल्यापासून आईने मला चुलीपुढे फारसे येऊच दिले नाही. आजी बोलली, शेजारणी बोलल्या, पण तिचे एकच पालुपद : "तू पुस्तक घिऊन बस." भाकरी न येणे हे आमच्या घरी माझ्या शिक्षणाचे जवळजवळ प्रमाणपत्रच झाले आहे. आणि आता त्याच शिक्षणाने माझ्या हातात पेन्सिल देऊन मला काठवटीपुढे आणून बसवले. आईला हसू आवरेना. "ह्येला कालिजात मार्क देत्यात व्हय?" तिने विचारले.

तीन संध्याकाळी मी काहीही न काढता नुसती पाहत बसले. एका भाकरीला आईच्या चाळीस-बेचाळीस थापा पडतात. हात वर जाताना सावकाश जातो, खाली येताना झपकन येतो. म्हणून सहा चित्रांची एक थाप धरली, तर चार चित्रे हात वर नेण्याला आणि दोनच खाली आणण्याला द्यावी लागतात. चित्रे जवळजवळ काढली की हालचाल मंद दिसते, लांबलांब काढली की जलद. या वहीचे सारे व्याकरण एवढ्या एका नियमात आहे. सेकंदाला साधारण बारा पाने सुटली तर एका थापेला अर्धा सेकंद लागतो, आणि ७२ पानांत बारा थापा बसतात. बेचाळीसांतल्या कोणत्या बारा ठेवायच्या? सुरुवातीच्या थापा तळव्याच्या आणि मध्यावरच्या असतात. शेवटच्या नुसत्या बोटांच्या, कडेकडेने, इतक्या हलक्या की आवाजही बदलतो. डावा हात सतत कडेशी असतो, तो भाकरीला चिरू देत नाही. आणि भाकरी गोल फिरते ती कशी? ती कोणी फिरवत आहे असे दिसतच नाही. थाप देऊन हात उचलता उचलता बोटे किंचित तिरकी सरकतात आणि तेवढ्यात भाकरी चार बोटे पुढे गेलेली असते. आईला विचारले तर तिला हे सांगता आले नाही. "हाताला कळतं," एवढेच ती म्हणाली. आता गोल वस्तू फिरली तरी चित्रात ती फिरल्याचे कळणार कसे? म्हणून भाकरीवर कोंड्याचा एक ठिपका ठेवला आणि पानागणिक तो पुढे नेला. माझ्या वहीत भाकरी फिरते ती त्या एका ठिपक्याच्या जोरावर!

करणाऱ्यांसाठी थोडे कारागिरीचेही सांगते. ए-फोर आकाराच्या नऊ कागदांचे प्रत्येकी आठ तुकडे केले की ७२ पाने होतात. कागद फार पातळ असला तर पाने गठ्ठ्याने सुटतात, फार जाड असला तर खालची रेघ वर दिसत नाही. मध्यम जाडीचा घ्यावा आणि गिरवताना खिडकीच्या काचेवर धरावा. चित्र पानाच्या मोकळ्या कडेकडे काढायचे, कारण शिवणीकडची बाजू चाळताना उघडतच नाही. सर्वांत खालच्या पानापासून सुरुवात करायची, म्हणजे प्रत्येक नवे पान आधीच्या चित्रावर ठेवून गिरवता येते. त्यामुळे गोष्ट शेवटच्या पानावर सुरू होते आणि पहिल्यावर संपते. कडा कापण्यापूर्वी गड्डी जराशी तिरकी सरकवून घ्यावी, मग अंगठ्याखालून पाने एकेक करून सुटतात. शिवण दाभणाने आणि मेण लावलेल्या दोऱ्याने. वही पुरी झाल्यावर आईने ती दोनदा चाळली आणि विचारले, "आन् तव्यावर कवा टाकायची?" धाकट्या भावाला ती उलटी चाळण्यात अधिक रस. त्याच्या हातात भाकरी आक्रसत जाऊन पुन्हा पिठाचा उंडा होते.

हे सारे परदेशातून आलेले खूळ आहे असे कोणी म्हणेल, तर आपल्याकडचा इतिहासही बघण्यासारखा आहे. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ साली काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडून 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. एकेक चित्र पुढे धरायचे आणि त्यावर कथा गायची. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीत चित्रे थोडी आणि कथा मोठी असते. दोन चित्रांच्या मधले सगळे गाणाऱ्याचा आवाज भरतो. फडफडवहीत आवाज नसतो, म्हणून तिला पाने जास्त लागतात. फरक म्हणाल तर एवढाच. आणि दादासाहेब फाळके? 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) सर्वांना ठाऊक असतो. पण त्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची दिवसामागून दिवस एकेक चौकट टिपून 'अंकुराची वाढ' हे छोटे चित्र तयार केले होते, आणि भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसावा म्हणून ते दाखवले होते. वाढ कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. फाळक्यांनी चिकाटीने ती एकेक करून गोळा केली. आजच्या भाषेत तोही एक प्रकल्पच होता. त्याला फाइल होती की नाही, कोण जाणे.

आता मूळ तक्रारीकडे येते. आमच्या मॅडमनी विषय मोठ्या उत्साहाने दिला आणि शिकवलाही तसाच. अडचण नियमांची आहे. नियमाप्रमाणे प्रकल्प ए-फोर आकारात, छापील, मुखपृष्ठ, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष आणि संदर्भ या साऱ्या सरंजामासह बांधून द्यावा लागतो, आणि गुणांचा मोठा वाटा या फाइलचा असतो. वहीतील निवडक पानांची छायाचित्रे फाइलमध्ये चिकटवायची. म्हणजे जी वस्तू हलते तिचे न हलणारे तुकडे परीक्षकांपुढे ठेवायचे! पेटीचा फोटो जोडून गाण्याची परीक्षा द्यावी, तसा हा प्रकार झाला. खर्चाचेही सांगायला हवे. माझ्या वहीच्या कागदाला आणि दोऱ्याला जे पैसे पडले त्याच्या तिप्पट फाइलच्या रंगीत छपाईला गेले. काहींना तो आकडा क्षुल्लक वाटेल. ज्यांच्या घरी आठवड्याचा बाजार मजुरीच्या पैशांवर होतो त्यांना वाटत नाही.

प्राध्यापकांची बाजू मला कळत नाही असे नाही. बाहेरचे परीक्षक येणार, सर्वांना एकच माप लागले पाहिजे, उद्या कोणी विचारले तर लेखी पुरावा हवा. हे सर्व रास्तच आहे. पण तो पुरावा फाइल देते काय? प्रस्तावना आणि निष्कर्ष हल्ली मोबाइलला सांगितले की तोच लिहून देतो, आणि बरा लिहितो. चार फाइलींतली उद्दिष्टे शब्दशः सारखी निघतात, हे तपासणाऱ्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक. फडफडवही मात्र उसनी चालत नाही. ७२ पानांची रेघ एकाच हाताची आहे की नाही, हे पाने चाळताच कळते. रेघ बदलली की चित्र दचकते. यापेक्षा सच्चा पुरावा कोणता?

तेव्हा माझी सूचना अगदी साधी आहे. या प्रकल्पापुरती तरी जाड फाइल नको. स्वतःच्या अक्षरात दोन पाने लिहून घ्यावीत : काय पाहिले, किती वेळा पाहिले, कोणाला विचारले. कच्ची चित्रे एका पाकिटात मागावीत. आणि परीक्षकांनी वही स्वतःच्या अंगठ्याने तीनदा चाळावी. एकदा सावकाश, एकदा भरभर, एकदा उलटी. यास फार तर एक मिनिट लागेल. त्यानंतर एखादे पान उघडून विचारावे, "हे चित्र इथे का?" ज्याने वही केली आहे त्याला उत्तर देता येईल. इंग्रजी कच्चे असले, सभेत बोलायची सवय नसली तरीही देता येईल, कारण ते पान त्याने जागून काढलेले असते.

वर्गाच्या साऱ्या वह्या सध्या विभागाच्या कपाटात, बुटांच्या एका खोक्यात ठेवल्या आहेत. एकीत पतंग कटतो, एकीत एस.टी. खड्डा चुकवते, एकीत एक आजोबा पान जुळवतात आणि चुना लावताना थबकतात. मधल्या सुट्टीत गेलात तर मॅडम खोके काढून देतात. हात मात्र कोरडे असावेत, आणि पाने शेवटाकडून सोडावीत.