विश्लेषण : पानावरचा करपा उपग्रहाला दिसतो, पण वसईच्या वाडीत दिसेल का?

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरण मंजूर केले. शेतीत ड्रोन आणि उपग्रह प्रतिमांचा वापर वाढवण्यावर त्यात भर आहे. वसईतील केळीच्या वाड्यांना याचा कितपत उपयोग होईल?

तत्त्व सोपे आहे. निरोगी पान लाल प्रकाश शोषते आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश जवळपास निम्मा परत फेकते. बुरशीमुळे हरितद्रव्य घटले की लाल परावर्तन वाढते, अवरक्त कमी होते. ६८० ते ७५० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला हा बदल अनेकदा डाग नजरेत भरण्याआधीच यंत्राला कळतो.

अडचण आहे ती आकाराची. ‘सेंटिनेल-२’ या युरोपीय उपग्रहाच्या प्रतिमेतला सर्वात बारीक चौकोन १० बाय १० मीटरचा, म्हणजे साधारण एक गुंठा. वरील पट्ट्यासाठी तर चार गुंठे. जळगावच्या सलग बागांत हे चालून जाते. वसईत मात्र गुंठाभर जागेत केळी, नारळ, नागवेल आणि मधूनच अळूही. शिवाय सिगाटोका करपा पसरतो पावसाळी दमट हवेत, नेमके आकाश ढगांनी भरलेले असताना.

उरतो ड्रोन किंवा हातातले उपकरण. तेही आजाराचे नाव सांगतेच असे नाही. करप्याचे पान आणि पाणी तुंबून पिवळे पडलेले पान आकड्यांत सारखे भासू शकते. आणि वसईत पाणी तुंबणे काही नवे नाही. बुरशीनाशक फवारायचे की चर खणायचा, हा फरक वाडीवाल्याच्या खिशाला कळतो. त्यासाठी दोन्ही प्रकारच्या पानांची मोजमापे वसईतच घ्यावी लागतील. जळगावच्या ग्रँड नैनवर शिकवलेली प्रणाली इथल्या राजेळीला लागू पडेलच असे नाही.