लढाई लांबची नव्हती

‘कुठं युद्ध लागलं की सोलापूरला तेजी येते,’ असं अक्कलकोट रोड एमआयडीसीत अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं आणि कुणी त्याला पुरावा मागत नाही. टॉवेलच्या कारखान्यात गादीवर बसलेले जुनेजाणते मालक दाखला देतात तो पहिल्या महायुद्धाचा. विलायती कापड येईनासं झालं आणि जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी या गिरण्यांची चंगळ झाली. पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं असतं. ती भाऊबंदकी गोऱ्यांची, एका माथेफिरू पोरानं युवराजाला गोळी घातली आणि युरोप पेटला. आपण लांब राहून कापड विकलं. ही दोन्ही वाक्यं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालतात, म्हणून समाचारही दोघांचा एकदमच घेतलेला बरा.

आधी गोळीचं बघू. 28 जून 1914 ला साराजेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपनं ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारलं, हे खरंच आहे. पण ऑस्ट्रियानं सर्बियावर युद्ध पुकारलं ते 28 जुलैला. मधल्या महिन्यात रागानं पेटून उठायला नव्हे, हिशेब करायला वेळ घेतला गेला. जर्मनीनं ऑस्ट्रियाला ‘काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत’ असं कळवून टाकलं. रशियानं फौजा गोळा करायला घेतल्या. जर्मन सेनापतींचा आराखडा तर असा की रशियाशी लढायचं झालं तरी आधी बेल्जियम तुडवून फ्रान्सवर जायचं. 4 ऑगस्टला ब्रिटन उतरलं आणि त्यासरशी हिंदुस्थानही युद्धात ओढला गेला. व्हाइसरॉय हार्डिंगनं इथल्या एकाही माणसाला विचारलं नाही.

आता ‘लांबची लढाई’. 17 जून 1914 ला, म्हणजे ती गोळी सुटायच्या अकरा दिवस आधी, आरमारमंत्री चर्चिलनं ब्रिटिश पार्लमेंटकडून अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत सरकारचा 51 टक्के हिस्सा घेण्याला मंजुरी मिळवली होती. आरमार कोळशावरून तेलावर चाललं होतं आणि तेल शुद्ध होत होतं इराणच्या आखातात, अबादानला. त्या तेलाची राखण करायला लंडनहून फौज आली नाही. ती पुण्याची होती. सहाव्या पूना डिव्हिजनची एक ब्रिगेड 16 ऑक्टोबरला मुंबई बंदरातून निघाली आणि 23 तारखेला बहारीनला पोचली. ब्रिटननं तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारलं 5 नोव्हेंबरला! दुसऱ्याच दिवशी तुर्कांच्या ताब्यातल्या फाओला फौज उतरली, आणि महिना संपायच्या आत बसरा हाती आलं. युद्ध जाहीर व्हायच्या वीस दिवस आधी घर सोडलेल्या या ब्रिगेडमध्ये 117 वी मराठा पलटण होती. लढाई लांबची होती म्हणणाऱ्यांनी ही तारीख तेवढी समजावून सांगावी.

यावर दुसऱ्या टोकाचे विद्वान लगेच टाळ्या पिटतील की बघा, सगळं तेलासाठीच होतं. तेही मला मान्य नाही. आखातातल्या शेखांवर वचक ठेवणं, तुर्की खलिफाच्या हाकेनं हिंदी मुसलमान बिथरतील ही धास्ती, सिमल्याच्या सरकारची प्रतिष्ठा, हेही त्यात होतं. बसऱ्यानंतर बगदादकडे धाव घेण्यात तर तेलापेक्षा हावच मोठी होती. तेलाचे नळ सुरक्षित झाल्यावरही जनरल टाउनशेंडला टायग्रिसच्या काठानं वर पाठवत राहिले. बोटी अपुऱ्या, दवाखाने अपुरे. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोनला फौज अडली, मागं फिरली आणि 7 डिसेंबरपासून कुत-अल-अमारात कोंडली गेली. वेढ्यात 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणींचे लोक होते. पीठ मापून मिळू लागलं, दात हलू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. घोडे कापले गेले, पण कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस तोंडाला लावलं नाही. घरी कळलं तर जात वाळीत टाकेल, ही भीती उपासमारीहून मोठी होती. 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13,000 माणसं शरण गेली. शिपायांना वाळवंटातून पायी हाकत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखात राहिले. साताऱ्याकडचं अपशिंगे गाव त्या महायुद्धातले आपले 46 मृत आजही मोजतं.

राहिली तेजी. ती आली होती, नाकारत नाही. लँकेशायरचा माल घटला, कापडाचे भाव चढले, गिरण्यांनी भरपूर कमावलं. पण ज्या रंगावर आपल्या लुगड्याची शान, तो कृत्रिम रंग बहुतेक जर्मनीचा. तो थांबला आणि रंग मिळेनासा झाला. बिहारमधले निळीचे मळेवाले त्या टंचाईत पुन्हा कुळांच्या मानगुटीवर बसले आणि 1917 मध्ये गांधीजींना चंपारणला जावं लागलं. म्हणजे रंगाच्या टंचाईची किंमतही शेवटी शेतकऱ्यानंच भरली. इथं सोलापुरात काय? धान्य महागलं, कापड महागलं, मजुरी मागं राहिली. 26 जानेवारी 1920 ला गिरण्यांतले सुमारे 16,000 कामगार संपावर गेले आणि तीन आठवडे बाहेर राहिले. ज्या शहरात सगळ्यांनाच तेजी लाभली, तिथं एवढी माणसं तीन आठवडे चूल विझवून बसतात होय?

आजच्या एमआयडीसीतही हिशेब वेगळा नाही. 2023 च्या अखेरीस येमेनमधल्या हौथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. कंटेनरचं भाडं वाढलं, माल उशिरा पोचू लागला. भाव चढल्यावर सुताचा साठेबाज कमावत असेल, पण नगावर मजुरी घेणाऱ्या मागवाल्याचं काय? ऑर्डर अडकली की बीम मागावर तसंच राहतं आणि शनिवारचा पगार अर्धा होतो. ‘तेजी’ म्हणताना मालकांनी निदान कुणाची, एवढं तरी सांगावं.

आणि शिक्षकांना एक विनंती आहे. परीक्षेत साराजेव्होची तारीख विचारता, ती जरूर विचारा. पण पुढच्या वर्षीपासून 16 ऑक्टोबर 1914 ला मुंबईहून कोण, कुठं आणि कशासाठी निघालं, हाही प्रश्न दोन गुणांना घाला.