शेजाऱ्याच्या धाकाने

युरोपातल्या कॅलॉप्टेरिक्स वंशाच्या टाचण्यांच्या (चतुरासारख्या नाजूक कीटकांच्या) व्हिर्गो आणि स्प्लेंडेन्स या दोन जाती पंखांवरून चटकन ओळखता येतात. व्हिर्गो नराचे पंख जवळजवळ पूर्ण गडद. स्प्लेंडेन्स नराच्या पारदर्शक पंखांवर मधोमध तेवढा निळाकाळा पट्टा. पहिलीला थंड, खळाळते ओढे मानवतात, दुसरीला संथ नदी. पण काही ठिकाणी दोघी एकाच पाण्यावर नांदतात आणि गंमत तिथेच आहे. आपली हद्द राखणारा व्हिर्गो नर मोठ्या पट्ट्याच्या स्प्लेंडेन्सवर अधिक तुटून पडतो. त्याला तो आपल्याच जातीचा प्रतिस्पर्धी वाटत असावा. फिनलंडमधल्या अभ्यासात तर असं दिसलं, की जिथे व्हिर्गोंची गर्दी जास्त, तिथे स्प्लेंडेन्सचे पट्टे लहान. किती नटायचं हे निसर्गात शेजारीही ठरवतो म्हणायचा!