मुलांना संचलनात जरूर पाठवा, पण उपाशी नको

शाळा सुरू होऊन आठवीच्या वर्गात एन.सी.सी.साठी नावे घेतली गेली, की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, पोराला घालू का? उन्हात उभे करतात म्हणे. शिवाय अभ्यास बुडतो." मुलगी असेल तर आणखी एक शेपूट जोडले जाते, "तिला झेपेल का?" माझे उत्तर स्पष्ट आहे. मुलाला घाला आणि मुलीला तर आधी घाला.

राष्ट्रीय छात्र सेना १९४८ च्या कायद्याने उभी राहिली आणि १९४९ साली तिच्यात मुलींचा विभागही सुरू झाला. मुलींना हे झेपते की नाही, याचा निकाल तेव्हाच लागलेला आहे. आपल्या कोरेगाव भीमालाही शिस्तीचे संचलन नवे नाही. दरवर्षी १ जानेवारीला समता सैनिक दल आणि महार रेजिमेंटचे निवृत्त सैनिक जयस्तंभाला मानवंदना देतात, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे चांगली हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा, शिकवणी आणि मोबाइल यांत ती कुठे होते? कवायतीने पाठ सरळ राहते, पाय बळकट होतात आणि दहाजणांबरोबर पाऊल टाकण्याची सवय लागते. जिथे एन.सी.सी. नाही तिथे स्काउट-गाइड किंवा आर.एस.पी.चे पथक चालेल.

मात्र १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झेंड्यापुढे मुले कोसळतात, त्याचा विचार झाला पाहिजे. पोर पडले की लोक म्हणतात, "नाजूक आहे." हे खरे नाही. आपण चालतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे काम करून पायांतले रक्त वर ढकलतात. सावधान स्थितीत गुडघे ताठ करून बराच वेळ उभे राहिले की हा पंप थांबतो. रक्त पायांत साचते, मेंदूला कमी पडते आणि भोवळ येते. त्यात पोट रिकामे, पाणी प्यालेले नाही आणि हवेत उकाडा असेल तर धडधाकट मूलही पडते. हातात ध्वज असणाऱ्याला तर हलण्याचीही सोय नसते.

दुसरे कारण पंडुरोग, म्हणजेच रक्त कमी असणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ मुलींना पंडुरोग आढळला. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर मुलगी कवायतीत लवकर दमते, तिला धाप लागते. यावर उपाय तिला घरी बसवणे हा नाही. रक्त तपासा, शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिने खरोखर गिळली का ते पाहा, जंताचे औषध द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक शाळेत येते, त्या दिवशी मुलांची दांडी होऊ देऊ नका.

संचलनाच्या दिवशी आधी पोटोबा, मग झेंडा. भाकरी, पोहे, केळे, काहीही चालेल, पण खाऊन आणि दोन पेले पाणी पिऊन निघावे. उभे असताना गुडघे किंचित सैल ठेवावेत, बुटात बोटे हलवत राहावे. डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला तर लाज न बाळगता खाली बसावे. कोणी पडलेच तर त्याला आडवे करून पाय वर उचलावेत. नाकाला कांदा-चप्पल लावू नये, बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नये. भोवळ उभे राहून न येता पळताना आली, छातीत दुखले किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक दगावले असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय कवायत नको.

बुटांकडेही पाहा. मोठ्या भावाचे सैल बूट घालून पाय आपटले की पायाच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांची नोंद केली, ती याचीच. पाऊल एकाच जागी दुखत राहिले तर चोळत बसू नका, विश्रांती द्या आणि दाखवून घ्या.

शेवटी दोन गोष्टी मोठ्या माणसांसाठी. प्रमुख पाहुण्यांनी वेळेवर यावे. त्यांच्या उशिराची किंमत मैदानात ताटकळणारी पोरे मोजतात. पाहुणे आले नसतील तर शिक्षकांनी मुलांना सरळ सावलीत बसवावे, त्याने झेंड्याचा अवमान होत नाही. आणि पडलेल्या मुलीला पथकातून काढू नये. तसे केले की ती पुढच्या वेळी भोवळ लपवते, किंवा आईवडील तिला कायमचे घरी बसवतात. तिचे रक्त वाढवा, तिला न्याहारी द्या आणि पुढच्या राष्ट्रीय सणाला पुन्हा त्याच रांगेत उभी करा.