लाभसंच आणि परिग्रहपरिमाण

सॉफ्टवेअर व्यवसायात उतरलेल्या आपल्या तरुणांपुढे एक प्रश्न नेहमी असतो : मोठ्या कंपनीच्या भागीदार योजनेतील कोणता लाभसंच घ्यावा? मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२५ मध्ये लहान कंपन्यांच्या परिचयाचा ‘ॲक्शन पॅक’ बंद केला. त्याऐवजी तीन वार्षिक संच आले. त्यांचे जाहीर झालेले शुल्क ३४५, ८९५ आणि ३,९९५ डॉलर असे होते. वरच्या संचात परवाने अधिक, क्लाउडची जमाही अधिक. परंतु पेढीत माणसे सहाच असतील, तर उरलेले परवाने ही बचत नव्हे, ते अडकलेले भांडवल होय. न वापरलेली जमा मुदतीनंतर लोपते.

म्हणून प्रथम कागदावर मांडावे : प्रत्यक्ष वापरणारे किती, आणि तेवढेच परवाने सुटे घेतल्यास खर्च किती? संच त्याहून स्वस्त पडला तरच घ्यावा.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची. हे परवाने पेढीचा अंतर्गत वापर, चाचणी व प्रात्यक्षिक यांसाठीच असतात. ते ग्राहकाच्या कामाला जोडणे हा करारभंग होय. अचौर्याणुव्रत गल्ल्यापुरतेच मर्यादित नाही. गरजेपुरते घ्यावे, घेतले ते ठरल्याप्रमाणेच वापरावे. पेढीची पत यातच आहे.