सिंदफणेकाठी रेल्वे आली, पुढे काय?

वस्ती नदीच्या आधाराने होते, बाजार मात्र वाहतुकीच्या आधाराने वाढतो. अमेरिकेतील प्रेअरी या गवताळ प्रदेशात पहिले शेतकरी पाण्यासाठी व लाकडासाठी नदीकाठीच वसले. १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन मिळू लागली आणि लोहमार्ग पोचले, तेव्हा कुठे उघड्या माळावरचा गहू दूरच्या पेठेत नेणे परवडू लागले.

मराठवाड्याचा अनुभव वेगळा नाही. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग गोदावरीच्या उत्तरेकडून गेला आणि जालना, परभणी येथील कापसाच्या व्यापाराला बळ मिळाले. दक्षिणेकडील सिंदफणेचे खोरे बाजूला पडले. नदीवर मोठे धरण झाले तेही खाली माजलगावला. वरच्या अंगाच्या शिरूर कासार परिसराच्या वाट्याला कोरडवाहू बाजरी, तूर, कापूस आणि दरसालची ऊसतोड आली.

१९९५ साली मंजूर झालेला २६१ किलोमीटरचा अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग तीस वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२५ रोजी, बीडपर्यंत पोचला. वाटेत रायमोहा, विघनवाडी ही शिरूर तालुक्यातील स्थानके आहेत. या घटनेचा आनंद रास्तच आहे. परंतु नुसत्या रुळांनी शेतकऱ्याचे भले होते, असे इतिहास सांगत नाही. प्रेअरीतील शेतकऱ्यांना रेल्वेचे भाडे आणि धान्यकोठारांचे दर यांनी इतके नाडले, की १८७० नंतरच्या दशकात त्यांना संघटित लढा द्यावा लागला. कोठारांच्या दरांवर नियंत्रण ठेवण्याचा राज्यांचा अधिकार तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८७७ मध्ये मान्य केला.

तेव्हा स्थानकाजवळ मालधक्का, सार्वजनिक गोदाम आणि वखारीच्या पावतीवर तारण कर्ज यांची सोय प्रथम व्हावयास हवी. तसे न झाल्यास तुरीचा भाव पूर्वीप्रमाणे व्यापारीच ठरवील. दुसरा प्रश्न पाण्याचा. रेल्वे बीडला पोचली त्याच महिन्यात सिंदफणेला पूर आला. पिके गेली, जमिनी खरवडल्या, आणि पाणीही वाहून गेले. पाणलोटाची कामे व लहान साठवण यांवाचून गाडीत भरण्याजोगा माल पिकणार कोठून?

हे न झाले तर गाडी माणसेच बाहेर नेईल, आणि मुकादमाची उचल घेणाऱ्यांचा प्रवास तेवढा सुखाचा होईल. या लोहमार्गाचे यश प्रवाशांच्या संख्येवर मोजू नये. येथून किती धान्य रवाना झाले आणि दिवाळीनंतर गावातून किती कोयते कमी निघाले, यावर मोजावे.